वाचकांचे प्रश्न : तिकडे शाळा, इकडे परीक्षा

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे जवळजवळ एकाच विषयावरची आहेत. त्यांतील एक नौपाड्यातून, एक कळव्याहून, एक ऐरोलीहून आणि एक नेरूळहून आले आहे. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी ठाण्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलेली असल्यामुळे उत्तरांत कोठे आपपरभाव डोकावला, तर वाचकांनी तो समजून घ्यावा.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : माझी नात आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला राहते. तिला तेथील कलेच्या सरकारी हायस्कुलात नववीसाठी प्रवेश मिळाला आहे. फी काही नाही असे मुलगा सांगतो, पण माझा विश्वास बसत नाही. ही शाळा कोणी, केव्हा आणि कशासाठी काढली?

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी सांगितले ते खरे आहे. ही शाळा न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेचा भाग असून तेथे शिकवण्याची फी घेतली जात नाही. प्रवेशासाठी मात्र कला प्रत्यक्ष करून दाखवावी लागते. चित्रकलेच्या मुलाने आपल्या कामाचा संच दाखल करायचा असतो, गाणाऱ्याने गायचे असते आणि नाटकाच्या मुलाने एकपात्री नाट्यप्रवेश सादर करायचा असतो. आपल्या नातीने यातून जागा मिळवली आहे, तेव्हा पेढे वाटायला हरकत नाही.

शाळेची कथा मोठी रंजक आहे. फिओरेल्लो ला गार्डिया १९३४ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर झाले. 'महापौर' हा शब्द वाचून आपल्याकडचे महापौरपद डोळ्यांसमोर आणू नये. आपल्या महापालिकांत कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांच्या कनवटीला असतात, तेथे त्या महापौराच्या हाती असतात. काळ महामंदीचा होता; १९२९ च्या पडझडीनंतर गावोगावी बेकारी माजली होती आणि शहराच्या तिजोरीत खडखडाट होता. अशा वेळी संगीत आणि चित्रकला यांसाठी सरकारी हायस्कूल काढणे अनेकांना चैन वाटले असते. ला गार्डिया यांचे वडील अमेरिकी लष्करात बँडमास्तर होते आणि घरात संगीत होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या मुलांच्या अंगी गुण आहेत पण ज्यांच्या आईबापांकडे शिकवणीला पैसे नाहीत, त्यांना शहराने शिकवावे, एवढा साधा विचार मागे ठेवून १९३६ मध्ये 'हायस्कूल ऑफ म्युझिक अँड आर्ट' सुरू झाले. आपल्या कारकिर्दीतील सर्वांत आशादायक काम म्हणून ला गार्डिया याच शाळेकडे बोट दाखवीत असत. पूल, रस्ते आणि विमानतळ बांधणाऱ्या माणसाने असे म्हणावे, हे मला फार बोलके वाटते.

शाळेसाठी नवी इमारत बांधली गेली नाही. हार्लेम भागात १३५ व्या रस्त्यावर, टेकडीवर, शिक्षकांच्या प्रशिक्षण विद्यालयाची एक गॉथिक धाटणीची दगडी वास्तू होती, तीच शाळेला देण्यात आली. तिच्या बुरुजांमुळे मुलांनी तिला 'टेकडीवरचा किल्ला' असे नाव दिले आणि ते पुढे कायम राहिले. या शाळेत गणित, विज्ञान, भाषा, इतिहास यांपैकी एकही विषय सोडण्याची मुभा नव्हती; ते सर्व सांभाळून रोजच्या वेळापत्रकात संगीताला किंवा चित्रकलेला भरपूर तास दिलेले असत. कलावंत घडवायचाच, असा अट्टहास तेथे नव्हता. त्या शाळेतून बाहेर पडलेली मुले पुढे डॉक्टर झाली तरी शाळेचे काही चुकले, असे कोणी मानले नसते.

आपल्या नातीची आजची शाळा दोन शाळा मिळून झाली आहे; त्यांतली दुसरी वेगळ्या मुशीतली. डॉ. फ्रँकलिन केलर हे एका व्यवसाय-शिक्षणाच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. सुतारकाम शिकवता येते, छपाई शिकवता येते, मग नाटक आणि नृत्य हेही पोटापाण्याचे व्यवसाय आहेत, ते का शिकवू नयेत, हा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यातून १९४८ मध्ये 'स्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स' उभी राहिली. तिलाही जुनीच इमारत मिळाली : टाइम्स स्क्वेअरच्या नाट्यगृहांपासून हाकेच्या अंतरावर ४६ व्या रस्त्यावर, १८९४ च्या सुमारास बांधलेली एक शाळा. १९८० साली गाजलेल्या एका इंग्रजी चित्रपटाने जी शाळा जगाला दाखवली ती हीच. शाळेने ती वास्तू सोडल्यावर १९८८ मध्ये तिला आग लागली. पुढे दुरुस्ती होऊन तेथे दुसरे हायस्कूल सुरू झाले.

या दोन शाळा १९६१ मध्ये कागदोपत्री एक झाल्या. पण मुले मात्र आणखी तेवीस वर्षे दोन ठिकाणी शिकत राहिली. अखेर १९८४ मध्ये लिंकन सेंटरच्या शेजारी, अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूवर, दोघींना एक छप्पर मिळाले आणि शाळेला ला गार्डिया यांचे नाव मिळाले. ते स्वतः १९४७ मध्येच निवर्तले होते. लिंकन सेंटर म्हणजे ऑपेरा, नृत्य आणि वाद्यवृंद यांची थोर सभागृहे एकत्र असलेला परिसर होय. गडकरी रंगायतनाला लागून महापालिकेची नाटकाची शाळा असावी आणि मुलांनी मधल्या सुट्टीत तालमी पाहाव्यात, अशी कल्पना केली म्हणजे त्या जागेचे मोल कळेल.

आपल्या नातीला एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवावी. 'किल्ल्या'चा विचार आणि केलर यांचा विचार, हे दोन्ही त्या एका इमारतीत आजही नांदतात आणि अधूनमधून भांडतात. २०१९ मध्ये, शाळेचा भर परीक्षांच्या गुणांवर वाढत चालला असून कलेकडे दुर्लक्ष होते आहे, अशी तक्रार करीत शेकडो मुले शाळेच्या मार्गिकांत ठिय्या देऊन बसली होती. प्रवेशाच्या चाचण्यांवरही टीका होते : ज्या घरांना लहानपणापासून खासगी शिकवणी परवडते त्यांचीच मुले चाचणीत उजळ दिसणार, असे टीकाकार म्हणतात, आणि शाळा ज्यांच्यासाठी काढली होती ते आठवले की या म्हणण्याला उत्तर देणे सोपे नाही.

तिच्या शाळेचे जुने विद्यार्थी पुष्कळ आहेत. मिल्टन ग्लेझर हे एकच नाव पुरे आहे. 'आय लव्ह न्यूयॉर्क' या बोधचिन्हात 'लव्ह' या शब्दाच्या जागी लाल बदाम टाकणारे चित्रकार ते हेच, आणि ते 'किल्ल्या'तल्या शाळेत शिकले. आज त्या बदामाचे टीशर्ट तलावपाळीवरही विकायला असतात.

प्रश्न (कळवा) : मी चित्रकला शिक्षक आहे. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून आहे, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या शाळेच्या जवळजवळ ऐंशी वर्षे आधी. तरीही आपल्याकडे शालेय वयाच्या मुलांसाठी कलेचे सरकारी हायस्कूल का उभे राहिले नाही?

उत्तर : आपला प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा आहे. त्याचे उत्तर, माझ्या मते, जे. जे. ज्या हेतूने निघाले त्या हेतूतच आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली ती प्रामुख्याने येथील कारागिरी सुधारावी म्हणून. १८५७ च्या मार्चमध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचे वर्ग भरू लागले. १८६५ नंतर इंग्लंडहून जॉन लॉकवूड किपलिंग, जॉन ग्रिफिथ्स आणि हिगिन्स असे तिघे शिक्षक आले. त्यांच्याकडे अनुक्रमे शिल्प, चित्र आणि लोहकाम होते. हे विषय पाहिले तरी ध्यानात येते की मुंबई तेव्हा नव्याने बांधली जात होती आणि तिला घडीव दगड, नक्षी आणि जाळ्या हव्या होत्या. ठाण्याहून रोज लोकलने सीएसएमटीला उतरणाऱ्या आपल्यापैकी किती जण स्थानकाच्या खांबांकडे मान वर करून पाहतात? त्या खांबांच्या माथ्यांवर पाने, पक्षी आणि प्राणी कोरलेले आहेत, आणि ते काम ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी केले आहे. गर्दीत धक्के खात उभे राहून एखादे माकड शोधून काढण्यात मला आजही मौज वाटते. याच ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांतील बऱ्याच पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या, ही वेगळीच हळहळ.

सांगायचे ते असे की जे. जे. हे प्रथमपासून कारागिराचे, आणि नंतर शाळा संपवून आलेल्या तरुणाचे विद्यालय होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे काय, हा प्रश्न सरकारने शाळा काढून सोडवला नाही. तो सोडवला परीक्षा घेऊन. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचा पाया इंग्रजी अमदानीत घातला गेला. १९६५ मध्ये राज्याचे कला संचालनालय स्थापन झाले आणि आज त्या परीक्षा तेच घेते. परीक्षा घेणे शाळा चालवण्यापेक्षा स्वस्त असते, हे कारण उघड आहे. पण केवळ कंजुषी म्हणून ही गोष्ट सोडून देणे मला न्याय्य वाटत नाही. न्यूयॉर्कची शाळा काही हजार मुलांची आहे. आपल्या ग्रेड परीक्षांना दर वर्षी लाखांनी मुले बसतात आणि त्यांत जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळेतली पोरेही असतात. त्यांच्या हातात आयुष्यात प्रथमच चांगल्या जातीचा ब्रश पडतो तो या परीक्षेच्या निमित्ताने. त्यांनी एक शेत खोल नांगरले, आपण सबंध माळावर पाभर फिरवली. पीक दोन्हीकडे आले, पण आपले विरळ आले आणि उगवले त्याला पुढे पाणी मिळाले नाही.

खासगी आणि ध्येयवादी माणसांनी शाळा काढल्याच नाहीत, असे नाही. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात १९०१ मध्ये शाळा आणि १९१९ मध्ये कलाभवन सुरू केले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मद्रासमध्ये कलाक्षेत्र स्थापन केले ते वर्ष १९३६, म्हणजे ला गार्डियांच्या शाळेचेच. सरकारांनी मात्र हा विचार फार उशिरा हाती घेतला. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये नववी ते बारावीच्या विशेष शाळा सुरू केल्या, त्यांत सादरीकरणाच्या आणि दृश्य कलांसाठी स्वतंत्र शाखा ठेवली. आपल्या राज्याला ही कल्पना परकी आहे, असेही म्हणता येत नाही, कारण खेळांसाठी महाराष्ट्राने क्रीडा प्रबोधिनी काढल्याच आहेत : चाचणी घेऊन मुले निवडायची, त्यांची राहण्याची सोय करायची, शाळा चालू ठेवायची आणि मैदानावर तयार करायचे. क्रीडा प्रबोधिनीच्या जागी कला प्रबोधिनी लिहावे, इतके ते सोपे आहे, असे मला आपले वाटते.

आपण चित्रकला शिक्षक आहात, म्हणून एक अनुभव सांगतो. मी ज्या शाळेत होतो तेथे दहावीचा निकाल दोन टक्क्यांनी घसरला त्या वर्षी नववीचा चित्रकलेचा तास गणिताला देण्यात आला. मला सांगण्यात आले की हा तात्पुरता उपाय आहे. मी निवृत्त होईपर्यंत तो तात्पुरताच होता. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पटावर शंभराहून अधिक मुले असतील तर, कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक द्यावा असे म्हटले आहे. 'अंशकालीन' या एका शब्दात आपली सारी दृष्टी आलेली आहे. जुन्या चित्रकला शिक्षकाची जागा रिकामी झाली की पुढे काय होते, ते आपणास माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

प्रश्न (ऐरोली) : मुलगी आठवीत आहे आणि चित्रे फार छान काढते. "दहावीनंतर तिला आर्ट्सला घाला," असे सगळे म्हणतात. आर्ट्सला चित्रकला शिकवतात का? तिने आतापासून काय करावे?

उत्तर : आपल्याला सल्ला देणाऱ्यांनी एका शब्दाचा घोटाळा केला आहे आणि तो करणारे ते पहिले नव्हेत. अकरावी-बारावीची 'कला शाखा' म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, भाषा इत्यादी विषय होत. इंग्रजीतल्या 'आर्ट्स'चे मराठी करताना 'कला' हा शब्द वापरला गेला आणि तेव्हापासून चित्र काढणाऱ्या मुलांचे आईबाप फसत आले आहेत. कनिष्ठ महाविद्यालयाच्या कला शाखेत ब्रश हातात धरावा लागेलच, असे मुळीच नाही.

चित्रकलेच्या पदवीला, म्हणजे चार वर्षांच्या बीएफएला, बारावीनंतर प्रवेश मिळतो. शाखा विज्ञान असो, वाणिज्य असो की कला, त्याने बिघडत नाही. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत एक सीईटी होते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे हाताने करायचे भाग असतात आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न असतात. जे.जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला असल्यामुळे तेथील प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षी स्वतंत्रपणे पाहून घ्यावेत. सीईटीतील विषयांची नावे ग्रेड परीक्षेच्या वेळापत्रकातही दिसतात. आठवीत हात चालवलेल्या मुलीला बारावीनंतर हा अभ्यास नवा वाटत नाही.

म्हणून तिने शाळेमार्फत यंदा एलिमेंटरीचा अर्ज भरावा आणि पुढील वर्षी इंटरमीजिएटला बसावे. वर्गात परीक्षा कशी होते ते पालकांनी क्वचितच पाहिलेले असते. मधोमध बाकावर चादर पसरून तिच्यावर एक पितळी तांब्या, दोन वांगी आणि एखादे पुस्तक ठेवलेले असते आणि मुले भोवती गोलाकार बसतात. खिडकीकडे बसलेल्याला तांब्यावर एकीकडे उजेड दिसतो, दाराकडे बसलेल्याला दुसरीकडे. शेजाऱ्याचे पाहून काढणारा तेथेच पकडला जातो, कारण त्याच्या चित्रातली सावली उलटी पडते. चित्रकलेच्या परीक्षेत कॉपी करणे इतके कठीण का असते, याचे कारण हेच. तिला घरी रोज अर्धा तास स्वयंपाकघरातली तीन भांडी मांडून पेन्सिलीने काढायला सांगावे. भूमितीच्या आकृतींचा आणि अक्षरलेखनाचा कंटाळा येतो म्हणून मुले तो भाग ऐनवेळेवर ढकलतात आणि तेथेच श्रेणी जाते. पोस्टर कलर साधे चालतील. मात्र ब्रश दोनच घ्यावेत आणि ते चांगले घ्यावेत.

इंटरमीजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात : अलीकडच्या नियमाप्रमाणे अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३. हे गुण मिळावेत म्हणूनच हल्ली मुले परीक्षेला बसतात, अशी टीका माझे अनेक सहकारी करीत आणि मीही कधी काळी करीत असे. आता करीत नाही. सात गुणांच्या लोभाने का होईना, बाप पोरीला रंगपेटी आणून देतो.

प्रश्न (नेरूळ) : मी नववीत आहे आणि शास्त्रीय गायन शिकतो. गाण्यालाही दहावीत गुण मिळतात का? आपल्याकडे गाण्याची परीक्षा कोणती मानतात?

उत्तर : मिळतात. गायन, वादन, नृत्य यांच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या परीक्षांना आणि लोककलांनाही ती सवलत आहे. गाण्याच्या बाबतीत सर्वांत परिचित नाव अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे आहे आणि त्यांची वास्तू तुझ्या जवळच, वाशीला आहे. हार्बर लाइनने नेरूळहून तिसरे स्टेशन. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला पहिले गांधर्व महाविद्यालय काढले ते संस्थानिकाच्या आश्रयावर न विसंबता, लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर. सार्वजनिक संगीतशाळेचा आपल्याकडचा खरा आरंभ तो. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत शाळा सुरू केली आणि १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ स्थापन केले. मात्र गंमत पाहा, येथेही काळाच्या ओघात शाळेपेक्षा परीक्षाच गावोगाव पोहोचली : प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी ती चढती पायरी आहे.

तू कोणत्या पायरीवर आहेस ते पत्रात लिहिलेले नाहीस. आपल्या गुरुजींना विचारून पुढच्या सत्राचा अर्ज भर, आणि दहावीच्या वर्षी प्रमाणपत्राची प्रत जोडून वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळेच्या कार्यालयात मुदतीच्या आधी दे. तो प्रस्ताव शाळेनेच दहावीच्या परीक्षा मंडळाकडे पाठवायचा असतो. दिल्याची पोच मागून घे.